दोन विमानतळांमधलं अंतर माहीत असेल तर विमानाला किती वेळ लागेल हे कसं काढायचं? अंतराला ९०० ने भागलं तर तिकिटावरच्या वेळेशी जुळत नाही

जुळणार नाहीच, कारण ताशी ९०० किमी हा वेग विमान १०-१२ किमी उंचीवर पोचल्यावरचा आहे, चढताना उतरताना ते बरंच हळू असतं आणि तिकिटावरची वेळ धरतात ती गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंत, म्हणजे रनवेपर्यंत जाणं, तिथे नंबर लागेपर्यंत थांबणं, उतरल्यावर परत गेटपर्यंत येणं सगळं त्यात आलं. वर उशीर दिसू नये म्हणून कंपन्या थोडा वेळ आधीच वाढवून ठेवतात. त्यामुळे मी किलोमीटरला ८५० ने भागतो आणि अर्धा तास मिळवतो, ढोबळ आहे पण बऱ्यापैकी बसतं. अंतर नॉटिकल मैलात असेल तर आधी १.८५२ ने गुणा.

खरी गंमत वाऱ्याची आहे. लंडन-न्यूयॉर्क अंतर साधारण ५,५४० किमी, या हिशोबाने सात तास येतात, पण न्यूयॉर्कहून लंडनला येताना सातच्या आसपास लागतात आणि लंडनहून तिकडे जाताना आठच्या आसपास, अंतर तेवढंच! त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे जोरदार वाऱ्याचा झोत वाहतो, हिवाळ्यात तर फारच जोरात, आणि पूर्वेला जाणारी विमानं मुद्दाम त्यात शिरतात तर पश्चिमेला जाणारी त्याला टाळून जातात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यामुळे ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं.

दुसरं म्हणजे अंतर सांगणाऱ्या साईटवर दिसतं ते पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर असतं, विमान अगदी त्याच रेषेवरून जाईल असं नाही. हेलसिंकी-टोकियोचंच बघा, सुमारे ७,८०० किमी, आधी रशियावरून साडेनऊ-दहा तासांत व्हायचं, २०२२ मध्ये ती हवाई हद्द बंद झाल्यावर तेच विमान वळसा घालून १३ तासांच्या आसपास घ्यायला लागलं. साईटवरचं अंतर मात्र आहे तेच.

आणि तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या लोकल असतात हे विसरू नका, लंडनहून सकाळी ११ ला निघून न्यूयॉर्कला दुपारी २ ला पोचलात तर ते तीन तास नाहीत, घड्याळ पाच तास मागे गेलंय म्हणून आठ.

पुढे कनेक्टिंग फ्लाईट पकडायची असेल तर मात्र माझ्या सूत्रावर अजिबात जाऊ नका, फ्लाईट ट्रॅकिंगच्या साईटवर तोच फ्लाईट नंबर टाका, मागच्या काही दिवसांत ते विमान खरंच किती वाजता गेटला लागलं ते दिसतं, त्यातल्या सगळ्यात उशिराच्या दिवसावरून मधला वेळ ठरवा.