रँडम नकाशा: यादृच्छिक, स्वैर की पिसलेला?

प्रश्न भाच्याचा आहे. 'एज ऑफ एम्पायर्स' या संगणकावरच्या लढाईच्या खेळाच्या दुसऱ्या भागासाठी तो सध्या स्वतःचे नकाशे लिहितो. लिहितो म्हणजे अक्षरशः लिहितो. माउसने डोंगर-नद्या रंगवत बसत नाही, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एकाखाली एक आज्ञा लिहितो आणि खेळ त्या वाचून दर डावाला नवा नकाशा उभा करतो. धाकट्या चुलतभावंडांसाठी त्याला ही कृती मराठीत उतरवायची आहे आणि पहिल्याच ओळीला गाडी अडली. "मामा, रँडम टेरेनला मराठीत काय म्हणायचं? मी 'यादृच्छिक भूप्रदेश' लिहिलंय. बाबा म्हणतात, 'स्वैर' लिही, सोपं पडेल. कुठलं बरोबर?"

'यादृच्छिक' बरोबर आहे, पण या जागी मला तो नको. 'स्वैर' चूक. आणि ज्याच्याबद्दल त्याला शंकाही आली नव्हती तो 'भूप्रदेश' सगळ्यांत चूक.

'यादृच्छिक' आपल्याला दोन वेगळ्या वर्गांत भेटतो. दहावीच्या गणितात संभाव्यतेच्या धड्यात 'यादृच्छिक प्रयोग' असतो: नाणं उडवा, फासा टाका, काय पडेल ते आधी सांगता येत नाही. पुढे कुणी मराठी घेऊन एम.ए.ला बसलं की भाषाविज्ञानाच्या तासाला कळतं, भाषेतले ध्वनिसंकेत यादृच्छिक असतात. झाडाला 'झाड' म्हणावं असं झाडात काही नाही, आपण तसं ठरवलंय एवढंच. पहिल्या ठिकाणी तो इंग्रजीतल्या 'रँडम'ची जागा घेतो, दुसऱ्या ठिकाणी 'आर्बिट्ररी'ची. एकाच शब्दाला दोन नोकऱ्या लावल्या की घोटाळा व्हायचाच. पण इथे दोष आपल्या परिभाषाकारांचा नाही. संस्कृत 'यदृच्छा'लाच दोन्ही अर्थ आहेत: आपसूक घडणं आणि मर्जीनं वागणं.

या 'यदृच्छा'ची फोड बरेच जण 'यद् + इच्छा' अशी करतात. ती तशी असती तर शब्द 'यदिच्छा' झाला असता. फोड आहे 'यद् + ऋच्छा', आणि 'ऋच्छति' म्हणजे जातो, येऊन गाठतो. म्हणून यदृच्छा म्हणजे जे आपणहून येऊन ठाकतं ते. गीतेत अर्जुनापुढे युद्ध 'यदृच्छया' आलं आहे, आणि चौथ्या अध्यायातला 'यदृच्छालाभसंतुष्ट' म्हणजे न मागता जे पदरात पडेल त्यात समाधान मानणारा. श्वेताश्वतर उपनिषदात जगाचं कारण कोणतं याची चाचपणी चालली आहे, तिथे काल, स्वभाव, नियती, यदृच्छा अशी नावं ओळीनं येतात. नियती आणि यदृच्छा अगदी शेजारी. ही शेजारीण पुढे कामाला येणार आहे.

(लिहिताना जपा. 'यादृश्चिक', 'यादृच्छीक' अशी रूपं छापून आलेली मी पाहिली आहेत. समाज-सामाजिक, तसं यदृच्छा-यादृच्छिक.)

'स्वैर'चं म्हणाल तर 'स्व + ईर', म्हणजे स्वतःच्याच चालीनं चालणारा. स्वैर अनुवाद करणारा मूळ मजकूर डोळ्यांपुढे ठेवूनच मोकळा सुटतो. स्वैराचारीही जाणूनबुजून वागतो. 'स्वैर'ला कुणाची तरी मर्जी लागते. नकाशाला कुठली आलीय मर्जी? आणि कसलाही धरबंध नसणं ही त्याची दुसरी छटा तर इथे अगदीच उलटी पडते. ते कसं, हे भाच्याच्या पडद्यावरच पाहिलं.

हा खेळ १९९९चा. त्याची नवी, सजवलेली आवृत्ती २०१९ साली आली, तरी नकाशा लिहिण्याची भाषा मुळात तीच राहिली. सगळ्यांत लहान नकाशा १२० गुणिले १२० चौकटींचा, म्हणजे १४,४०० चौकटी, आणि हाताने एकही भरायची नाही. भाच्याच्या फाइलमध्ये सोन्याबद्दलच्या ओळी होत्या. प्रत्येक खेळाडूला एक मोठी खाण, तिच्यात सोन्याचे ७ ढीग, खेळाडूच्या ठाण्यापासून कमीत कमी १२ आणि जास्तीत जास्त १६ चौकटींवर. खाली मेंढ्या: ४ जवळ, मग २, मग आणखी २. रानडुकरं २. प्रत्येकाला तेवढीच. जमिनीसाठी वेगळी आज्ञा: शंभर डावांत ७० वेळा गवत, ३० वेळा बर्फ. त्याने डाव सुरू केला, नकाशा उघडून पाहिला. सोनं ठाण्याच्या पाठीमागे. बंद करून पुन्हा सुरू केला. सोनं पुढे, थेट शत्रूच्या वाटेवर, आणि भोवती बर्फ. मेंढ्या मात्र तेव्हाही आठच.

म्हणजे काय मिळणार आणि किती मिळणार हे पक्कं. कुठे मिळणार आणि पायाखाली गवत की बर्फ, एवढंच हवेत. 'कसाही', 'वाटेल तसा', 'अंदाधुंद' यांतलं इथे काहीच नाही. इंग्रजी 'रँडम'चं कूळ पाहिलं तर जुन्या फ्रेंचमधल्या भरधाव सुटण्याच्या शब्दाशी जातं. तो भरधावपणा या फाइलमध्ये औषधाला नाही.

मराठीत ही गोष्ट आपण कुठे करतो? पत्ते खेळताना. ५२ पानं, त्यांत ४ एक्के, प्रत्येकाला सारखी पानं. कुठलं पान कुणाकडे जाईल ते सांगता येत नाही. त्यासाठी आपल्याकडे शंभर नंबरी क्रियापद आहे: पिसणे. मी भाच्याला म्हटलं, 'पिसलेला नकाशा' लिही. तो हसायलाच लागला. "पिसाळलेला वाटतोय, मामा!" वाटू दे. चुलतभावंडं उन्हाळ्याच्या सुट्टीत पत्ते कुटतात, त्यांना 'पिसलेला नकाशा' म्हटल्यावर दुसरं काही समजावून द्यावं लागणार नाही. 'हा नकाशा आवडला नाही, परत पिस' हे वाक्य तर 'यादृच्छिक'ला सात जन्मांत जमणार नाही, कारण त्याला क्रियापदच नाही. 'यादृच्छिकीकरण करणे' म्हणत बसणाऱ्याचा गाव तोवर जळून गेलेला असेल.

उपमा एका ठिकाणी तोकडी पडते, तेही सांगतो. हाताने पिसलेला पत्त्यांचा कॅट पुन्हा तसाच लागत नाही. नकाशा लागतो. खेळ आतून एक आकडा घेतो, त्याला इंग्रजीत 'सीड' म्हणतात. तीच फाइल, तोच आकार, तेवढेच खेळाडू आणि तोच आकडा दिला की झाडन् झाड जागच्या जागी उगवतं. खेळातल्या नकाशा-संपादकात (एडिटरमध्ये) हा आकडा आपण हाताने घालू शकतो. खेळणाऱ्याला जी यदृच्छा दिसते, ती आकडा माहीत असणाऱ्याला नियती. 'सीड'ला सरळ 'बी' म्हणावं. 'बीजांक' भारदस्त आहे आणि चालेलही, पण 'याचं बी दे ना, मलाही हाच नकाशा हवाय' हे तोंडात जास्त बसतं.

आता 'भूप्रदेश'. कोकण हा भूप्रदेश, मराठवाडा हा भूप्रदेश. त्याला नाव असतं, सीमा असते. भाच्याच्या फाइलमध्ये मात्र 'टेरेन' फार बारीक अर्थाने येतो: त्या चौकटीवर गवत आहे, माती आहे, पाणी आहे की झाडी. उंचसखलपणासुद्धा त्यात नाही. चढउतारांचा विभाग वेगळा, कड्यांचा वेगळा. म्हणून इथे 'जमीन' पुरे. गवताळ जमीन, रेताड जमीन, बर्फाळ जमीन. पाण्याला जमीन म्हणायला जीभ अडखळते, हे मान्य. तिथे नुसतं पाणी म्हणावं. कुणाचं काही अडत नाही.

'लँड' नावाचा विभाग आणखी निराळा. तिथे प्रत्येक खेळाडूला एक तुकडा मिळतो. एका चौकटीतून तो चहूबाजूंनी वाढत जातो आणि नकाशाचा ठरवलेला टक्का भरला की थांबतो. याला मी 'भूखंड' सुचवला. मराठीत आशियाही भूखंड आणि गावाबाहेरचा दीड गुंठाही भूखंड. इथे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात, कारण तो खेळाडूचा प्लॉटही असतो आणि तळाला पाणी ठेवलं तर समुद्रातलं बेटही.

आणि 'बेट' म्हटल्यावर पुढची गंमत. झाडीच्या आज्ञेत 'क्लम्प' किती, हे द्यावं लागतं. बांबूच्या क्लम्पला आपण काय म्हणतो? बेट. भाच्याने मोठ्या हौसेने लिहिलं होतं, 'झाडीची १२ बेटं करा.' वाचणाऱ्या चुलतबहिणीने खाली पेन्सिलीने विचारलं होतं, 'मग होड्या कुठे बांधायच्या?' तिथे 'पुंजके' करून घेतलं.

शेवटचा शब्द माझ्या आवडीचा. खेळाडूंच्या भूखंडांना जोडणारी वाट आखताना मध्ये नदी आली, तर तेवढ्या पट्ट्यात पाण्याऐवजी उथळ पाणी घाल, अशी आज्ञा देता येते. मग सैन्य तिथून पायी पलीकडे जातं. भाच्याने लिहिलं होतं, 'नदी ओलांडण्यासाठी उथळ पाण्याचा भाग'. याला मराठीत नेमका शब्द आहे: उतार. 'पुराला उतार पडला' आपण आजही म्हणतो. आणि नदीतून जिथे पायी पार होता येतं त्या जागेलाही जुन्या मराठीत उतारच म्हणत. मी त्याची ओळ खोडून लिहिलं, 'नदीला दोन ठिकाणी उतार ठेवा.' त्याने वाचली, मान हलवली आणि पानं मागे उलटत चढउतारांच्या विभागाशी जाऊन थांबला.

"मामा, मग डोंगराच्या उताराला काय लिहू?"

उतरण लिही.