नेहमीचं हॉटेल बदललं म्हणून कोणी इतकं खचतं का?

हा प्रश्न मला बहुतेक वेळा माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेले घरचे लोक विचारतात, आणि त्यात काळजीइतकाच वैतागही असतो. ठाण्यातल्या एका सुनेने सासऱ्यांबद्दल तो विचारला, तेव्हा काका तिच्या शेजारीच बसले होते. त्यांची अनुभव लिहायला परवानगी आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काका सत्तरीचे, बँकेतून निवृत्त. काकूंना जाऊन दोन वर्षं झालेली. नाक्यावरच्या उडुपी हॉटेलात ते वर्षानुवर्षं सकाळी जात. मालक थकले, मुलांना धंद्यात रस नव्हता, हॉटेल विकलं गेलं. नव्या मालकाने एसी बसवला, मेन्यूकार्ड काढून टेबलावर क्यूआर कोड चिकटवला, जुने वेटर गेले. काकांनी तिथे जाणं सोडलं आणि हळूहळू सकाळी घराबाहेर पडणंच सोडलं. "बाबा, डोसा काय कुठेही मिळतो," असं मुलगा म्हणाला, त्यावर काका दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

सुनेला भीती होती डिप्रेशनची. ती रास्तच होती. म्हणून आधी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली घेतली. तिच्यात गेल्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, थकवा, कशातच मन न लागणं अशांबद्दल ९ प्रश्न असतात. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दलचा. तो मी स्पष्ट शब्दांत विचारते. विचारल्याने असले विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. काकांचे गुण सौम्य पातळीचे आले. थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्यायला सांगितलं, कारण त्यातल्या बिघाडानेही माणूस असाच मरगळतो. तुमच्या घरी कोणाची झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली असेल किंवा मरणाची भाषा येत असेल, तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा दिवसरात्र चालू असते.

मग काकांना म्हटलं, "आता तिथे गेलात की काय होतं, दारापासून सांगा."

"दारात एक पोरगा उभा असतो. विचारतो, 'कितने लोग?'" काका थांबले. मग म्हणाले, "रोज सकाळी सांगायचं, एक."

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. काका-काकू रविवारी तिथे एक मसाला डोसा दोन प्लेटांत घेत. काकू गेल्यावर काका पहिल्यांदा एकटे गेले, तेव्हा जुन्या वेटरने काही न विचारता इडली आणि कॉफी आणून ठेवली. पुन्हा कधी त्याने डोशाचं नाव काढलं नाही. त्या माणसाच्या या समजूतदारपणावर काकांनी दोन वर्षं काढली होती.

अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाची मांडणी केली: जे दुःख आजूबाजूचे लोक दुःख म्हणून धरतच नाहीत, ते. तेराव्याला माणसं येतात; हॉटेल बदललं म्हणून भेटायला कोण येणार? अशा वेळी "दुसरीकडे जा" हा सल्ला घरच्यांनी निदान सुरुवातीला तरी देऊ नये. तिथे कोण भेटायचं, कोण ओळखायचं, हे विचारावं.

आम्हीही तिथूनच सुरुवात केली. नाक्यावरच्या पानवाल्याकडून जुन्या वेटरचा नंबर मिळाला. तो आता दुसऱ्या हॉटेलात आहे. काका त्याला भेटून आले, काकूंबद्दल पोटभर बोलले. सकाळच्या टेबलावरचे पेपरवाचू मित्र विखुरले होते. रोज भेटत असल्यामुळे कोणाकडे कोणाचा नंबरच नव्हता! त्यातले दोघे सापडले. आता तिघे तलावपाळीवर भेटतात.

सर्वांत जड गेलं ते नव्या मालकाशी बोलणं. काकांच्या मनात त्याच्याबद्दल राग होता. पण भाडं, पगार, गॅस यांचा ताळमेळ त्यालाही घालायचा असतो, आणि जुनं जसंच्या तसं ठेवायला तो बांधील नाही. मी सुचवलं की दुपारी गर्दी नसताना जा आणि एकच गोष्ट मागा. काकांनी सांगितलं, "मी आलो की दारात विचारू नका, आत येऊ द्या." मालक लगेच हो म्हणाला.

काका आता आठवड्यातून एक-दोनदा तिथे जातात. सांबार गोड झालंय म्हणतात. रविवार अजून टाळतात, आणि मी घाई करत नाही. सुनेशी काकूंबद्दल बोलू लागलेत, मुलाशी अजून नाही. पुढच्या भेटीला मुलालाही बोलावलं आहे.