नर्सबाईंची लाल गोळी आणि डॉक्टरांची लोहाची गोळी, गरोदरपणात दोन्ही घ्यायच्या का?

ताई, तुम्ही लिहिलंय की पाचवा महिना चालू आहे, हिमोग्लोबिन 9.8 आलंय आणि घरात दोन पाकिटं आहेत. एक उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी दिलेलं, दुसरं बेळगावच्या खासगी डॉक्टरांनी लिहून दिलेलं. दोन्ही घ्यायची का, शौचाला काळं होतंय ते काय, आणि गोळ्यांनी बाळ काळं होतं हे सासूबाईंचं म्हणणं खरं का, असं तुम्ही विचारलंय. मी खानापूर तालुक्यात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तुमच्यासारख्या पोरी ही दोन पाकिटं पर्समध्ये घेऊन माझ्यासमोर नेहमी उभ्या असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दोन्ही पाकिटं उलटी करा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. खासगी पाकिटावर बहुतेक वेळा ‘फेरस ॲस्कॉर्बेट’ लिहिलेलं असतं. त्यात लोह 100 मिलिग्रॅम आणि फॉलिक ॲसिड 1.5 मिलिग्रॅम असतं. ‘एलिमेंटल आयर्न’ म्हणजे गोळीतलं प्रत्यक्ष लोह, या शब्दांजवळचा आकडा तेवढा धरायचा. रंग, नाव, किंमत सगळं वेगळं, पण आतलं औषध एकच. आपल्याकडे त्यात भाषेचाही घोळ होतो. नर्सबाई कानडीत ‘कब्बिणांशद मात्रे’, म्हणजे लोहाची गोळी, म्हणतात. कब्बिण म्हणजे लोखंड आणि कब्बु म्हणजे ऊस. एका आज्जींना ती उसापासून केलेली शक्तीची गोळी वाटली होती आणि सुनेला त्या दोन्ही पाकिटांतल्या गोळ्या रोज देत होत्या. प्रेमानंच देत होत्या, पण त्या पोरीला मळमळ आणि पोटदुखीनं जेवण जाईना.

म्हणून स्वतःच्या मनानं दोन्ही घेऊ नका आणि घाबरून दोन्ही बंदही करू नका. गरोदरपणात 11 च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्त कमी. 7 ते 9.9 हे मध्यम कमी. सरकारी पद्धतीत अशा वेळी रोज दोन लाल गोळ्या देतात, म्हणजे 120 मिलिग्रॅम लोह. तुमच्या डॉक्टरांनी लाल गोळी धरून हिशेब केला की ती सोडून, हे त्यांनाच माहीत. उद्याच फोन करा, शक्य असेल तर दोन्ही पाकिटं आणि तायी कार्ड (गरोदरपणाच्या तपासण्यांची नोंद असलेलं सरकारी कार्ड) घेऊन जा. तोवर ज्यांनी रिपोर्ट पाहून गोळी लिहिली, त्यांचीच चालू ठेवा. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल हे रक्ताचे आनुवंशिक आजार घरात कुणाला असतील तर तेही सांगा.

आता वेळेचं. खरी गफलत इथंच होते. सकाळी चहा, सोबत गोळी, वर लगेच कॅल्शियमची गोळी. असं केलं तर लोह अंगी नीट लागत नाही. चहा-कॉफी गोळीच्या आधी आणि नंतर निदान तासभर नको. कॅल्शियमला दोन तासांचं अंतर ठेवा. ते जेवणासोबत घ्यायचं, लोह शक्यतो रिकाम्या पोटी. मी पोरींना सांगते: कॅल्शियम सकाळ-दुपारच्या जेवणासोबत आणि लोह रात्री, जेवणानंतर दोन तासांनी, पेलाभर लिंबूपाण्यासोबत. लिंबामुळे लोह चांगलं शोषलं जातं. गोळी गिळून लगेच आडवं होऊ नका, छातीत जळजळतं. फारच मळमळलं तर थोडं खाऊन घ्या. शोषण थोडं कमी होईल, पण गोळी सुटण्यापेक्षा ते बरं. ॲसिडिटीचं औषध घेत असाल तर तेही लोहासोबत नको. थायरॉईडची गोळी असेल तर दोन्हींत चार तास जाऊ द्या. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी डबल नाही, रोज ठरल्यात तेवढ्याच.

काळी शौच लोहामुळेच होते, काळजी नको. मात्र डांबरासारखी चिकट, घाण वासाची असेल आणि पोटात दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा. बद्धकोष्ठासाठी पाणी, पालेभाजी, भाकरी. तरी नाहीच झालं तर डॉक्टर गोळी बदलून देतात.

सासूबाईंना सांगा, बाळाचा रंग आईबापाकडून येतो, गोळीतून नाही. भांडून सांगू नका. पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत न्या आणि नर्सबाईंच्या तोंडून ऐकू द्या. हे मी बऱ्याच घरांत लागू पडलेलं पाहिलंय. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टर मोफत तपासणी करतात, तो दिवस बरा. तिथं जंताच्या गोळीचंही विचारा. पोटात जंत असतील तर रक्त भरून निघायला वेळ लागतो.

तुम्ही लिहिलंय की मोठी मुलगी तीन वर्षांची आहे. ताई, पाकीट आजच तिच्या हाती लागणार नाही असं उंच कपाटात ठेवा. लाल, गोड आवरणाची गोळी पोराला चॉकलेट वाटते, आणि थोड्या गोळ्याही लहान जिवाला घातक ठरतात. गिळल्याचा नुसता संशय आला तरी पाकीट हातात घेऊन सरळ मोठ्या दवाखान्यात जा. आधी उलट्या होतात, मग काही तास पोर बरं दिसतं आणि आतून नुकसान चालूच असतं. ‘बरं वाटतंय’ म्हणून घरी थांबू नका.

महिन्याभरानं हिमोग्लोबिन परत तपासा. निदान एक अंकानं वाढायला हवं. नीट गोळ्या घेऊनही वाढलं नाही तर बी-12 ची कमतरता आहे का, सलाईनमधून लोह द्यावं लागेल का, हे डॉक्टर बघतील. दम लागत असेल, छाती धडधडत असेल, पायांवर आणि तोंडावर सूज असेल तर महिन्याची वाट बघायची नाही.

आणि बाळंतपणाला माहेरी चंदगडला जाणार आहात ना, तर तायी कार्ड आणि चालू पाकीट बॅगेत सगळ्यात वर ठेवा. तिकडच्या नर्सबाई त्यांची गोळी देतील, तेव्हा आधी हे दाखवायचं, म्हणजे तिसरं पाकीट सुरू होणार नाही. बाळ झाल्यावरही लाल गोळी 180 दिवस घ्यायची असते. माहेरून परत येताना ती तिथंच राहते, असं मी फार वेळा पाहिलंय.