वाचक विचारतात : काळ्या कातळाचे फोटो

प्रश्न : सप्टेंबरात सोलापूर–पंढरपूर–म्हसवड–सातारा–कास असं गाडीने जाणार आहोत. मागच्या खेपेला घाटातल्या कातळाचे फोटो राखाडी आणि धुरकट आले, आभाळ पांढरंफटक. कॅमेरा साधा डीएसएलआर, सोबत आलेली १८-५५ची लेन्स. काय चुकतंय? (जुळे सोलापूर)

लेन्स बदलायची गरज नाही. समोरचा दगड काळा आहे हे कॅमेऱ्याला कळत नाही, ते त्याला सांगावं लागतं. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून मोजतं. कातळाने चौकट भरली की त्याला ते कमी उजेडाचं वाटतं, म्हणून ते उजेड वाढवतं आणि काळा बेसॉल्ट (लाव्हाचा दगड) राखाडी होतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे २/३ ते उणे १ ठेवा.

आभाळ चौकटीत आलं की हे पुरत नाही. ढगाळ आभाळ आणि ओला कातळ यांच्या उजेडात इतकं अंतर असतं की एका फोटोत दोन्ही मावत नाहीत. रॉ फाइल (कॅमेऱ्याने न आवळलेली मूळ नोंद) ठेवा, ट्रायपॉडवर २-२ स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) ३ फोटो घ्या आणि घरी जोडा. एकच घ्यायचा असेल तर आभाळ वाचेल एवढाच उजेड द्या. सावलीतला तपशील रॉमधून बराच वर काढता येतो, पण जळून पांढरं झालेलं आभाळ परत येत नाही.

धुरकटपणा मात्र बहुतेक वेळा उजेडाच्या दिशेमुळे येतो. तुम्ही पश्चिमेला निघता, म्हणजे सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि पुढच्या डोंगरावर उजेड सपाट पडतो. संध्याकाळी तो डोळ्यांवर येतो, हवेतली धूळ उजळते आणि डोंगर फिका पडतो. म्हणून रस्त्याच्या दिशेने फोटो काढू नका. गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड करा. उजेड कुशीतून येईल. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा एकेक तास यासाठी राखून ठेवा.

म्हसवड सोडून दहिवडीकडे जाताना उघडेबोडके, माथ्याला सपाट डोंगर लागतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरले. आपल्या ज्वारीच्या रानातली काळी माती याच दगडाची झाली आहे. थरांच्या कडा डोंगरउतारावर पायऱ्यांसारख्या दिसतात, आणि तिरप्या उन्हात प्रत्येक पायरीखाली सावलीची रेघ उमटते. फोटोत पकडायची ती हीच रेघ. रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तिथे दोन थरांच्या मध्ये कधी कधी विटकरी पट्टा दिसतो. पुढचा लाव्हा येण्याआधी खालच्या थराचा माथा झिजून त्याची माती झाली, तोच हा पट्टा. काळ्यावर तो रंग फार खुलतो, मात्र कापलेल्या कड्याला अगदी चिकटून उभे राहू नका; पावसाळ्यात दगड सुटतात.

कासला माथ्यावर जांभा दगड आहे, त्यामुळे तिथले रंग तांबूस येतात. वाऱ्यात फुलं सतत हलतात. शटर १/२५० सेकंदापेक्षा मंद करू नका. जवळची फुलं आणि दूरचा डोंगर दोन्ही स्पष्ट हवे असतील तर लेन्स १८ मिमीवर, एफ ८ (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान) आणि फोकस साधारण २ मीटरवर ठेवा, म्हणजे १ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं नीट येतं. एफ २२ वापरू नका, सगळाच फोटो थोडा मऊ पडतो.

आणखी एक. गाडीत एसी लावून घाटात पोहोचलात आणि कॅमेरा एकदम बाहेर काढला, की काचेवर वाफ धरते. पोहोचण्याआधी अर्धा तास एसी बंद करा, कॅमेरा बंद पिशवीतच ठेवा. वाफ धरलीच तर पुसत बसू नका, आपोआप जाऊ द्या.

प्रश्न : नळदुर्गच्या नर-मादी धबधब्याचं पाणी रेशमासारखं यावं म्हणून शटर मंद केलं तर फोटो पांढरा होतो. (अक्कलकोट रोड)

बोरी नदी भरून वाहते तेव्हाच हे धबधबे पडतात, त्यामुळे आभाळ बहुधा भरलेलं असतं आणि ते तुमच्या फायद्याचं आहे. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ ११ ठेवून सुरुवात करा. पाण्याला १/४ ते १ सेकंद पुरतो; त्याहून जास्त दिलात तर पाण्याचा जोर जाऊन नुसता कापूस उरतो. एवढ्यानेही फोटो पांढरा येत असेल तर ३ स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी करडी काच) लावा: १/१५ सेकंदाचा अर्धा सेकंद होतो.

त्याआधी पोलरायझर (लेन्सवर लावायची फिरती काच) लावून पाहा. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो आणि ओल्या दगडावरची चकाकीही काढतो. डोळा स्क्रीनवर ठेवून कडं हळूहळू फिरवा. दगडावरचा पांढरा तवंग जाऊन खालचा काळा रंग आणि शेवाळ दिसू लागलं की थांबा. १८ मिमीवर निळं आभाळ घेताना मात्र तो काढा, आभाळात गडद डाग पडतो.

ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) बंद ठेवा, २ सेकंदांचा टायमर लावा. तुषार काचेवर बसतातच. दर दोन फोटोंनी काच तपासा. थेंब कोरड्या, स्वच्छ मायक्रोफायबरने टिपा. शर्टाने पुसू नका, कापडातली कचकच काचेवर चरे पाडते.

प्रश्न : निघोजचे रांजणखळगे बघायला कधी जावं? (बार्शी)

कुकडी नदीचं पाणी उतरल्यावर, डिसेंबरनंतर. मे मात्र टाळा, दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि खळग्यांचा आकारच हरवतो. गोट्यांनी घासून गुळगुळीत झालेली खळग्याची कड तिरप्या उन्हात धातूसारखी चमकते. कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर आणा आणि कडेपासून ४०-५० सेंटिमीटरवर ठेवा. इतक्या जवळून एका फोकसमध्ये सगळं मावणार नाही. कड, मधला खडक आणि पलीकडचा काठ असे तीन वेगवेगळे फोकस घेऊन ते फोटो जोडा. कडेवर ओलं असेल तर पाय ठेवू नका, खळगे खोल आहेत.

प्रश्न : फक्त मोबाइल आहे. (होटगी)

कातळावर बोट दाबून धरा, फोकस पक्का झाला की उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. डिजिटल झूम करू नका, चालत जवळ जा.