‘एएफ ॲट लेव्हल’ म्हणजे टाळूचं नक्की काय?

प्रश्न : बाळ दीड महिन्याचं आहे. डिस्चार्ज कार्डावर ‘एएफ ॲट लेव्हल’ लिहिलं आहे. घरात मात्र सगळे म्हणतात, टाळू अजून भरली नाही, रोज तेल जिरवा. दूध पिताना टाळू उडतेही. घाबरण्यासारखं आहे का? (एक आई, सांगली)

उत्तर : नाही. ‘एएफ’ म्हणजे अँटिरियर फॉन्टॅनेल, आपण म्हणतो ती पुढची टाळू. ‘ॲट लेव्हल’ म्हणजे ती आजूबाजूच्या हाडांच्या पातळीत आहे. फुगलेली नाही, खचलेलीही नाही. उलट ही दिलासा देणारी नोंद आहे.

जन्मतः कवटीची हाडं एकमेकांना सांधलेली नसतात, म्हणूनच प्रसूतीच्या वेळी ती थोडी एकमेकांवर सरकू शकतात. जिथे दोनाहून जास्त हाडांचे कोपरे भेटतात तिथे चिवट पडदा असतो, तीच टाळू. अशा जागा सहा. कपाळाच्या हाडाचे दोन भाग आणि माथ्याची दोन हाडं यांच्यामधली पुढची टाळू सर्वांत मोठी, शंकरपाळ्याच्या आकाराची, साधारण २ सेंमी. १ ते ३ सेंमीपर्यंत फरक चालतो. मागची लहान, तिकोनी असते आणि दोन-तीन महिन्यांत मिटते. उरलेल्या चार कानशिलांपाशी आणि कानांमागे असतात, त्या सहसा हाताला लागतही नाहीत.

टाळू उडते ती आतल्या रक्तवाहिन्यांच्या ठोक्यामुळे. तो पडदा नाजूक नाही. अंघोळीत हलक्या हाताने डोकं धुतल्याने काही होत नाही.

तपासायची पद्धत मात्र नेमकी हवी. बाळ शांत असताना त्याला मांडीवर उभं धरा, मान सांभाळा आणि बोटांचा मऊ भाग हाडाच्या कडेवरून टाळूवर फिरवा. आडवं असताना किंवा रडताना टाळू वर येतेच. बऱ्याच घरांत ‘टाळू फुगली’ची धावपळ इथूनच सुरू होते. शांत, उभ्या बाळाची टाळू फुगून ताठ लागली आणि सोबत ताप, उलट्या, सुस्ती किंवा दूध न ओढणं असेल, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. मेंदूभोवतीचा दाब वाढल्याची किंवा मेंदूज्वराची ती खूण असू शकते.

खचलेली टाळू शरीरातलं पाणी कमी झाल्याचं सांगते, पण ती बरीच उशिरा खचते. जुलाब-उलट्यांत टाळूकडे बघत बसू नका. लघवी कमी झाली, तोंड कोरडं पडलं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, हे आधी दिसतं.

तेलाने टाळू भरत नाही. हाडांच्या कडा वाढत वाढत जवळ येतात, तेव्हा ती मिटते. हलकं खोबरेल लावून अर्ध्या-एक तासाने धुवून टाकलंत तर हरकत नाही. तेलात बुडवलेला कापूस दिवसभर ठेवला की पिवळ्या खपल्या वाढतात. वेखंडाची पूड टाळूवर भुरभुरू नका, ती श्वासातून आत जाते. आणि मालिशवाल्या बाईंना ‘डोकं गोल करा’ असं कधीच सांगू नका.

प्रश्न : मुलगी १४ महिन्यांची आहे, टाळू उघडीच आहे. कॅल्शियम सुरू करू का? (एक वडील, नाशिक)

उत्तर : आपल्या मनाने नको. बहुतेक बाळांची टाळू १२ ते १८ महिन्यांत मिटते, काहींची दोन वर्षांपर्यंत. टाळूपेक्षा डोक्याचा घेर महत्त्वाचा. जन्मतः तो साधारण ३४-३५ सेंमी आणि वर्षाला ४५-४६ सेंमी असतो. लसीकरणाच्या वेळी तो मोजून तक्त्यावर मांडायला सांगा. एका आकड्यापेक्षा रेषा कशी जाते ते बघायचं. रेषा नेहमीच्या वाटेने जात असेल, तर थांबा.

मनगटं रुंद होणं, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी, दात उशिरा येणं हे सोबत असेल तर मुडदूस तपासावा लागतो. जुनी बद्धकोष्ठता, मंद हालचाल आणि मोठी जीभ असेल तर थायरॉइड. ‘ड’ जीवनसत्त्व पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट द्यायचं असतं. ते दिलं होतं का, हे डॉक्टरांना सांगा.

टाळू लवकर मिटली तरी हाच नियम. घेर वाढत असेल तर ठीक. घेर थांबला किंवा कवटीच्या हाडांच्या सांध्यावर उंच रेघ हाताला लागली, तर मात्र लगेच दाखवा.

प्रश्न : नातवाच्या टाळूला फट आहे असं कळवलं गेलं. डोक्याच्या की तोंडाच्या? (एक आजोबा, रत्नागिरी)

उत्तर : ‘फट’ म्हटलं असेल तर बहुधा तोंडातली; जीभ वर लावली की लागते ती. ‘मढ्याच्या टाळूवरचं लोणी’ यातली टाळू डोक्यावरची, ‘जीभ टाळूला चिकटली’ यातली तोंडातली. मराठीत दोन्हीला शब्द एकच. त्यामुळे दवाखान्यात फोन करताना जागा सांगायचीच. तोंडातली फट असेल तर दूध नाकातून येतं. बाळाला बरंच उभं धरून, थोडं थोडं पाजावं. शस्त्रक्रिया बहुधा ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान करतात.