लस टोचली तरी बैलाला लम्पी कसा झाला?

प्रश्न (यावल तालुक्यातून) : डॉक्टरसाहेब राम राम. मागच्या पोळ्याआधी गावात कॅम्प लागला तेव्हा दोन्ही बैलांना लस टोचून घेतली, तरी आठ दिवसात एकाच्या अंगावर गाठी आल्या, ताप आला, चारा सोडला. आता गावात जो तो म्हणतो कोरोनासारखा लम्पीचापण नवा व्हेरियंट आलाय, जुनी लस चालत नाही. मग यंदा टोचायची कशाला?

उत्तर : दादा, आठ दिवसात लसीचा निकाल लावू नका. टोचल्यावर अंगात पुरेशी ताकद यायला साधारण तीन आठवडे लागतात, आणि व्हायरस शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंत कधी कधी चार आठवडेही जातात. म्हणजे कॅम्पात उभा होता तेव्हाच तुमच्या बैलाच्या अंगात आजार असणार, नाहीतर लस लागू पडायच्या आत त्याला लागण झाली. आपल्याकडे गावात चार जनावरांना गाठी आल्या की मग कॅम्पची आठवण येते, खरा घोळ तिथंच आहे.

आता व्हेरियंटचं. गावकरी अगदीच खोटं नाही बोलत. भारतात लम्पी पहिल्यांदा २०१९ मध्ये ओडिशात सापडला, महाराष्ट्रात २०२२ च्या साथीची सुरुवात तर आपल्याच रावेर तालुक्यातल्या चिनावलपासून झाली. त्या साथीच्या नमुन्यांची बंगळुरूच्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्थेत) जनुकीय तपासणी झाली तेव्हा दोन प्रकारचे व्हायरस फिरताना दिसले, एक २०१९ च्या रांचीतल्या व्हायरसच्या जवळचा आणि दुसरा बराच बदललेला, २०१५ मध्ये रशियात आलेल्या साथीतल्यासारखा. पण बदलला म्हणजे लसीला गुंगारा दिलाच असं नसतं. कोरोना आरएनए व्हायरस, स्वतःच्या कॉप्या काढताना भरपूर चुका करतो, ओमिक्रॉनच्या तर एकट्या स्पाइकमध्येच (व्हायरसच्या अंगावरच्या काट्यांमध्ये) तीसच्या वर बदल होते, म्हणून लस घेतलेल्यांनाही तो सहज झाला (गंभीर मात्र कमी लोक झाले). लम्पीचा व्हायरस डीएनएवाला, खूप सावकाश बदलतो. लम्पी, शेळ्यांची देवी आणि मेंढ्यांची देवी हे तर सख्खे चुलत भाऊच, एकाची लस दुसऱ्यावर चालते, म्हणून तर २०२२ ला आपण गाईबैलांना शेळीच्या देवीची लस टोचली. ती लम्पीच्या स्वतःच्या लसीइतकी पक्की नाही, टोचलेल्यातली काही जनावरं आजारी पडणारच, हे मी लपवत नाही.

पण एका बैलावरून लस फेल म्हणायचं का? बाल्कन देशांमध्ये २०१६ साली लम्पीचे ७,४८३ उद्रेक झाले होते, लम्पीच्याच लसीनं गावंच्या गावं टोचून काढली आणि २०१७ ला ३८५ वर आले, २०१८ ला एकही नाही. तिथं अख्खी गावं टोचली, आपल्याकडे निम्मी आळी टोचते आणि निम्मी म्हणते बघू पुढच्या खेपेला. राहिलेल्या त्या जनावरांच्या जिवावर माशा, डास, गोचीड आजार फिरवत राहतात, आणि केळीच्या बागायतीत पावसाळ्यात माशांना काय तोटा! तेव्हा यंदा पावसाळ्याआधीच टोचा, आजारी जनावर वेगळं बांधा, साथ असेल तर गुरांच्या बाजारात नेऊ नका. आणि टोचणाऱ्याला प्रत्येक जनावराला नवी सुई घ्यायला लावा, तो कुरकुरला तरी चालेल, एकाच सुईनं पण हा आजार पसरतो.

प्रश्न (अमळनेर) : सर, आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज फिरतोय की कोरोनाचे व्हेरियंट लसीमुळेच तयार झाले, डेल्टा लसीनंतर आला हा पुरावा. खरंय का?

उत्तर : ताई, तारखा बघा ना. डेल्टाचे भारतातले पहिले नमुने ऑक्टोबर २०२० चे आणि आपल्याकडे लसीकरण सुरू झालं १६ जानेवारी २०२१ ला. लाट नंतर आली म्हणून व्हायरस नंतर जन्मला असं नाही. ब्रिटनमधला अल्फा, दक्षिण आफ्रिकेतला बीटा, तेही लसीच्या आधीचेच. बदल होतो व्हायरस अंगात वाढताना, जेवढ्या जास्त लोकांना लागण तेवढ्या जास्त कॉप्या आणि तेवढ्या चुका. हां, एवढं खरं की बहुतेकांच्या अंगात आधीची ताकद असली, मग ती लसीची असो की आजार होऊन गेल्याची, तर तिला चकवणारा प्रकार पुढे निघून जातो. ओमिक्रॉनचं तसंच झालं. म्हणून लस सोडून आजार होऊन जाऊ द्यायचा तर व्हायरसला वाढायला जागा जास्त मिळते, आणि चकवाचकवी काही थांबत नाही.

प्रश्न (शहादा) : लम्पी झालेल्या गाईचं दूध चालतं का, माणसाला होतो का?

उत्तर : माणसाला होत नाही. दूध उकळून प्या. वासराला मात्र आजारी गाईपासून लांब ठेवा, सडावर गाठी असतील तर थेट पाजू नका.