निवड झाली, पण अठराव्या वर्षी तो खेळणार कुठे?

प्रश्न: मुलगा दहावीत आहे, नोव्हेंबरमध्ये त्याला १५ पूर्ण झाली. कोल्हापुरात शाळेकडून आणि तालमीच्या (आमच्याकडे पेठेतल्या फुटबॉल क्लबला तालीम म्हणतात) लहान गटात दहा नंबरच्या जागेवर, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे मध्यभागी, फुटबॉल खेळतो. आयएसएलमधल्या (इंडियन सुपर लीग, देशातली सर्वोच्च फुटबॉल लीग) एका क्लबच्या निवासी ॲकॅडमीत त्याची निवड झाली आहे. क्लबच्या पहिल्या संघात यायला किती वर्षे लागतील? कॉलेज बाजूला ठेवावे का? शिवाय एक एजंट साडेतीन लाखांत स्पेनच्या क्लबची ट्रायल मिळवून देतो म्हणतो. काय करावे? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर: नमस्कार. आधी स्पेनचा विषय मिटवू. फिफाच्या नियमाप्रमाणे १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे नोंदणी होत नाही. मोजके अपवाद आहेत: आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिकडे राहायला गेले, किंवा युरोपीय संघातल्या देशांमधलीच बदली आणि वय १६ च्या पुढे, असे काही. तुमचा मुलगा यातल्या कशातच बसत नाही. म्हणजे ट्रायलमध्ये तो कितीही आवडला तरी त्या क्लबला त्याला नोंदवता येणार नाही. साडेतीन लाखांत मिळेल ती सहल. अल्पवयीन खेळाडूच्या बाबतीत एजंटाला पालकांच्या लेखी संमतीशिवाय बोलणीसुद्धा करता येत नाहीत, आणि ही बोलणीही पहिला व्यावसायिक करार करण्याच्या वयाआधी फार तर सहा महिने सुरू करता येतात. त्या गृहस्थांकडे फिफाचा परवाना आहे का, एवढेच विचारून पाहा.

आता मूळ प्रश्न. १५ व्या वर्षी ॲकॅडमीत गेलेला मुलगा सगळे सुरळीत झाले तर १९ ते २१ या वयात पहिल्या संघाच्या दारात उभा राहतो. त्याआधी आलेले असतात, पण त्यांच्याकडे बघून हिशेब मांडू नका. वयोगटाच्या लीगपर्यंत वाट सरळ असते. घोळ होतो तो १८ ते २० मध्ये. वयोगटाचा संघ संपलेला, पहिल्या संघाच्या प्रशिक्षकाला अजून भरवसा नाही, आणि मुलगा आठवडाभर सराव करून शनिवारी प्रेक्षकांत बसतो. सामने न खेळता त्या वयात कोणी घडत नाही. २०२२ पासून रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीगमुळे राखीव संघांना आणखी सामने मिळू लागले हे चांगले झाले, पण तेवढ्याने वर्ष भरत नाही.

तुमच्याच गावचा अनिकेत जाधव पाहा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून वर आलेला, २०१७ चा १७ वर्षांखालचा विश्वचषक खेळलेला मुलगा. तोही थेट आयएसएलमध्ये गेला नाही. आधी इंडियन ॲरोज या भारतीय फुटबॉल महासंघाच्या तरुण खेळाडूंच्या संघाकडून मोठ्यांच्या आय-लीगमध्ये (आयएसएलखेरीजची राष्ट्रीय लीग) खेळला, २०१९ मध्ये आयएसएलमधल्या जमशेदपूर क्लबला गेला, आणि २०२२ मध्ये भारताच्या मुख्य संघात आला. ही मधली पायरीच महत्त्वाची. महासंघाने २०२२ मध्ये ॲरोज बंद केले, त्यामुळे आता ती पायरी क्लबनेच द्यायला हवी: राखीव संघ, नाहीतर खालच्या श्रेणीतल्या क्लबला उसनवारीवर पाठवणे.

म्हणून ॲकॅडमीला वसतिगृह आणि जिम याआधी हे विचारा: गेल्या तीन वर्षांत इथली किती मुले पहिल्या संघाकडून प्रत्यक्ष खेळली, नुसती सराव करून परतली ती सोडून? १८ पूर्ण झालेल्यांना वर्षाला किती सामने मिळतात? उसनवारीवर कोण कुठे गेले? नावे आणि आकडे चटकन सांगता आले तर ठीक. ‘आमची सिस्टीम युरोपियन आहे’ हे उत्तर आले तर सावध व्हा.

दहा नंबरच्या जागेबद्दल स्पष्ट बोलतो. आयएसएलमध्ये २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी चार परदेशी खेळाडू ठेवता येऊ लागले, आणि क्लब परदेशी खेळाडूंवरचे पैसे मुख्यतः संघाच्या कण्यावर, म्हणजे मैदानाच्या मधल्या जागांवर, खर्च करतात: सेंटर बॅक (मधला बचावपटू), मधली फळी, स्ट्रायकर. भारतीय पोरांना जागा सापडते ती बहुधा कडेला: विंगवर आणि फुल-बॅकला (कडेचा बचावपटू). बेंगळुरू क्लबचा रोशन सिंग मुळात पुढे खेळणारा. त्याला डाव्या फुल-बॅकला आणले आणि २०२१-२२ मध्ये तो लीगचा उदयोन्मुख खेळाडू ठरला. मुलाला जागा बदलायला लावली तर घरून फोन करून तक्रार करू नका. मात्र त्याने आजपासून डावा पाय तयार करावा आणि एकास एक बचाव शिकावा.

पहिल्या संघाच्या सरावाला बोलावणे येते ते बऱ्याचदा माणसे कमी पडली म्हणून, किंवा पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करणारे अकरा हवेत म्हणून. तिथे पोरे कौशल्यात कमी पडत नाहीत, वेळेत कमी पडतात. चेंडू येण्याआधी मान वळवून बघितलेले नसते, मग पहिला स्पर्श जड जातो आणि वरिष्ठ अंगावर येतो. दोनदा चेंडू गेला की मुलगा घाबरून प्रत्येक पास मागेच देतो, आणि प्रशिक्षक नेमके तेच टिपतो. गर्दीपुढे खेळायची भीती मात्र कोल्हापूरच्या पोरांना कमी असते. शाहू स्टेडियमवर पेठांच्या सामन्याला जे ऐकावे लागते ते कुठलीही ॲकॅडमी शिकवू शकत नाही!

नोव्हेंबरचा जन्म हीही बाब आहे. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे तो जानेवारीत जन्मलेल्यांशी दहा महिने मागे राहून झुंजतोय. सध्या अंगाने लहान दिसला तर खचू नका. दर महिन्याला सकाळी उंची मोजून लिहून ठेवा. उंची झपाट्याने वाढत असताना गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखू लागले तर भार कमी करायला हवा. आज आठवड्यात तीन दिवस खेळणारा मुलगा तिकडे एकदम सहा दिवस पळू लागतो, आणि पहिल्या दोन महिन्यांतच दुखापती होतात. जाण्याआधी सहा आठवडे सराव हळूहळू वाढवा.

करारावर त्याच्याबरोबर तुमची सही लागेल. अल्पवयीनाचा करार फिफाच्या नियमाने तीन वर्षांपेक्षा जास्त नसतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तर खर्च कोणाचा, मध्येच सोडायचे झाल्यास अटी काय, हे लेखी घ्या आणि प्रत घरी ठेवा.

कॉलेज सोडू नका. ॲकॅडमीजवळचे ज्युनियर कॉलेज किंवा मुक्त विद्यालयातून बारावी, दोन्ही चालते. २०२५ च्या जुलैत आयएसएलच्या आयोजकांनी पुढचा मोसम थांबवला, तेव्हा काही क्लबांनी पहिल्या संघाचे पगारसुद्धा रोखले होते. शिवाय राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धांची प्रमाणपत्रे लागतात आणि पदाप्रमाणे शिक्षणही.

जाण्याआधी एक काम तालमीत करा. महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत मुलगा तालमीच्या नावावर कोणत्या मोसमांत होता ते तपासून उतारा घ्या, जन्मतारीख दाखल्याशी जुळते का पाहा. पुढे कधी पैसे मोजून परदेशी क्लबने त्याला घेतले, तर त्या रकमेतले ५ टक्के १२ ते २३ या वयात त्याला शिकवलेल्या क्लबांत वाटले जातात. तालीम नोंदीत नसेल तर तिच्या वाट्याला काहीच येणार नाही.